नदीला शेवटचे गाव नसते

मे महिन्याच्या सुट्टीत महाराष्ट्रातून काश्मीरला जाणाऱ्या कुटुंबांचा कार्यक्रम साधारण ठरलेला असतो. दोन दिवस श्रीनगर, मग गुलमर्ग, सोनमर्ग, पहलगाम, शिकाऱ्यात बसून फोटो आणि परत. त्यात वावगे काही नाही. पण गाडीच्या काचेतून पाहिलेला डोंगर आपण लवकर विसरतो. पायांनी तुडवलेली वाट मात्र लक्षात राहते. म्हणून या महिन्यात आम्ही वाचकांना पायी नेणार आहोत, एका नदीच्या काठाने. नदीचे नाव किशनगंगा.

सोनमर्गच्या वरच्या अंगाला डोंगरात किशनसर नावाचे सरोवर आहे. तिथे ही नदी उगम पावते, तुलैल आणि गुरेझ या खोऱ्यांतून वाहते आणि मग नियंत्रण रेषा ओलांडून पाकिस्तानच्या ताब्यातील काश्मीरमध्ये जाते. तिथे तिचे नाव बदलते. पलीकडचे लोक तिला नीलम म्हणतात. पाणी तेच, मासे तेच, नावे दोन.

गुरेझला जायचे तर श्रीनगरहून आधी बांदीपोरा गाठावे लागते. तिथून दावर हे गुरेझचे मुख्य गाव सुमारे 85 किलोमीटर. मध्ये रझदानची खिंड लागते. उंची साडेअकरा हजार फुटांहून अधिक. हिवाळ्यात बर्फामुळे हा रस्ता कित्येक महिने बंद असतो आणि खोरे उरलेल्या जगापासून तुटते. त्या दिवसांत आजारी माणसाला हलवायचे तर हेलिकॉप्टरची वाट पाहावी लागते. आपण उन्हाळ्यात जाऊन जे हिरवे कुरण पाहतो, त्याची किंमत तिथले लोक अशी चुकवतात.

दावरमध्ये सामान टाकून आम्ही चालायला सुरुवात केली ती नदीच्या उलट दिशेने, वरच्या अंगाला. वाट सोपी आहे, लहान मुलेही चालू शकतात. एका बाजूला हिरवट निळे पाणी, दुसऱ्या बाजूला बटाट्याची शेते. घरे आख्ख्या ओंडक्यांची, एकावर एक रचलेली, फटींत माती लिंपलेली. उन्हाळ्यातही प्रत्येक घराशेजारी सरपणाच्या थप्प्या दिसतात. गवत कापून, वाळवून माळ्यावर चढवण्याचे काम बायका करतात. त्यांच्या पाठीवरचे भारे पाहून आमच्या मुलांनी आपल्या छोट्या पिशव्यांबद्दल कुरकुर करणे बंद केले.

इथली भाषा काश्मिरी नाही. लोक दर्द-शीन वंशाचे, भाषा शिना. हीच भाषा पलीकडे गिलगिट आणि अस्तोरमध्ये बोलली जाते. आमच्याशी मात्र सगळे उर्दूत बोलत होते, आणि तेही अदबीने.

गावांच्या डोक्यावर एक टोकदार, पिरॅमिडसारखा डोंगर उभा आहे. त्याचे नाव हब्बा खातून. सोळाव्या शतकातील ही काश्मिरी कवयित्री, राजा युसूफ शाह चक याची बेगम. 1586 मध्ये काश्मीर अकबराच्या राज्यात गेले. युसूफ शाह कैद झाला आणि पुन्हा कधी परतला नाही. त्याची कबर बिहारमध्ये बिसवक या गावी आहे. हब्बा खातून त्याला शोधत या डोंगराखाली भटकत राहिली, अशी आख्यायिका आहे. डोंगराच्या पायथ्याशी एक झरा आहे, त्याचे पाणी दातांना झोंबते. गेलेला माणूस परत न येणे ही गोष्ट या खोऱ्याला फार जुन्या काळापासून ठाऊक आहे.

तुलैलकडे वर जावे तसे ‘शेवटचे गाव’ हा शब्द वारंवार कानावर पडतो. पर्यटकांना तो आवडतो. शेवटच्या गावात चहा प्यायलो, शेवटच्या गावात फोटो काढला. पण एका घरी बसलो असताना तिथल्या बुजुर्गांनी जे सांगितले ते आमच्या मनातून जात नाही. त्यांच्या आजोबांच्या काळी गुरेझ हे शेवटचे गाव नव्हते. ते मधले गाव होते. बांदीपोऱ्याहून गुरेझ, पुढे बुर्झिलची खिंड ओलांडून अस्तोर आणि मग गिलगिट, असा तो रस्ता. घोडे आणि खेचरे याच वाटेने माल नेत. मुक्कामाला माणसे येत, बातम्या येत. 1947-48 च्या लढाईनंतर ही वाट मधोमध तुटली आणि अर्ध्या वाटेवरचे गाव वाटेच्या टोकाला आले. गाव हलले नाही, रेषा आली.

आम्ही वर्गात भूगोल शिकवतो तेव्हा नकाशावरची सीमा म्हणजे एक बारीक तुटक रेघ असते. मुले ती पेन्सिलीने गिरवतात. गुरेझमध्ये ती रेघ कुणाच्या मावशीच्या आणि भाच्याच्या मधून गेली आहे.

आणखी एक गोष्ट चालतानाच कळते. दावरच्या खालच्या अंगाला किशनगंगेवर धरण बांधले आहे. तिथले पाणी सुमारे 23 किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून डोंगरापलीकडे बांदीपोऱ्याला नेतात आणि त्यावर 330 मेगावॅट वीज तयार होते. प्रकल्पाचे उद्घाटन 2018 मध्ये झाले. पण खुद्द गुरेझ विजेच्या राष्ट्रीय जाळ्याला जोडले गेले ते 2023 च्या नोव्हेंबरमध्ये. तोवर संध्याकाळचे काही तास डिझेल जनरेटर चाले, तेवढाच उजेड. ज्यांचे पाणी त्यांच्या घरी दिवा सर्वांत शेवटी लागला. या अर्थाने मात्र ते शेवटचे गाव खरे.

नदीच्या काठाने पुढे जात राहणे माणसाला शक्य नाही. पाणी रेषा ओलांडते, आपण ओलांडू शकत नाही. म्हणून तीच नदी पुन्हा पाहायची तर रझदान उतरून मागे यावे लागते, कुपवाड्याला जावे लागते आणि फिरकियानची खिंड ओलांडून केरनला उतरावे लागते. इथे किशनगंगा स्वतःच नियंत्रण रेषा आहे. या काठावर केरन, त्या काठावरही केरन. नदी इतकी अरुंद की समोरच्या माणसाच्या कपड्यांचा रंग ओळखता येतो. पलीकडे पर्यटक चहा पितात, मुले दगड फेकतात. कुणीतरी हात हलवला की या काठावरचे हात आपोआप वर जातात. 1990 नंतरच्या अशांत दिवसांत इथली अनेक कुटुंबे पलीकडे गेली. त्यांचे नातेवाईक या काठावर राहिले. पाण्याचा आवाज मोठा असल्यामुळे ओरडून बोलले तरी सगळे शब्द पोहोचत नाहीत.

केरनच्या खाली टिटवाल आहे. उर्दू वाचणाऱ्यांना हे नाव सआदत हसन मंटो यांच्या ‘टिटवाल का कुत्ता’ या कथेमुळे माहीत असते. दोन फौजांच्या मोर्चांमध्ये सापडलेल्या एका मुक्या जनावराची ती गोष्ट. ती आम्ही वर्गात अनेकदा वाचली आहे. नदीकाठी उभे राहिल्यावर समजते की त्या कुत्र्याला दोन्ही बाजू आपल्याच वाटत होत्या, एवढाच त्याचा गुन्हा.

आता कुरणांविषयी. काश्मीरमध्ये कुरणाला मर्ग म्हणतात. गुलमर्ग, सोनमर्ग ही नावे त्यावरूनच आली. उर्दूत हा शब्द लिहिला तर ‘मृत्यू’ या अर्थाचा मर्ग आणि हा मर्ग एकाच अक्षरांनी लिहिला जातो. रेषेजवळच्या कुरणांत हे दोन्ही अर्थ एकत्र आले आहेत. तिथे भूसुरुंग पेरलेले आहेत, आणि गुरे चारायला गेलेल्या माणसांचे पाय त्यात गेले आहेत. 2021 च्या फेब्रुवारीत दोन्ही देशांनी शस्त्रसंधी पाळण्याचे पुन्हा ठरवले, तेव्हा या गावांत पर्यटक येऊ लागले, घरांच्या खोल्या पाहुण्यांसाठी सजल्या. 2025 च्या मे महिन्यात पुन्हा तोफांचे गोळे पडले आणि कुपवाडा जिल्ह्यातील कर्नाह भागात घरे कोसळली. शांतता हा आपल्यासाठी भाषणाचा विषय असेल. त्यांच्यासाठी ते घराचे छप्पर आहे.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी काही सूचना. जून ते सप्टेंबर हा काळ चांगला. मूळ ओळखपत्रे जवळ ठेवावीत. परवानगीचे नियम बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी बांदीपोरा किंवा कुपवाडा येथील प्रशासनाकडे चौकशी करावी, आणि नको म्हटले तर जाऊ नये. बाहेरच्या राज्यातील प्रीपेड सिमकार्ड तिथे चालत नाही. घरातील एकाचे तरी पोस्टपेड असावे. उन्हाळ्यातही गरम कपडे हवेत. पायवाट सोडून कुरणात जाऊ नये, मुलांना तर हाताशीच ठेवावे. चौक्या, पूल आणि जवानांचे फोटो काढू नयेत. गवत कापणाऱ्या बायकांचेही विचारल्याशिवाय काढू नयेत. त्या आपल्या सहलीतील देखावा नाहीत. शक्य असेल तर हॉटेलऐवजी गावातील घरी उतरावे. पैसा त्याच चुलीपाशी राहतो आणि रात्री जेवताना जे ऐकायला मिळते ते कुठल्याही मार्गदर्शकाकडे मिळत नाही. मात्र पलीकडे कोण आहे, हा प्रश्न आपण होऊन विचारू नये. सांगावेसे वाटले तर ते सांगतील.

आणि निघण्याआधी एक काम घरी करावे. मुलांसमोर नकाशा उघडावा आणि किशनसरवर बोट ठेवायला सांगावे. बोट नदीवरून चालू द्यावे: तुलैल, गुरेझ, मग रेषेपलीकडे, मुझफ्फराबादला झेलममध्ये, झेलमचे पाणी चिनाबमध्ये, चिनाबचे सिंधूत आणि शेवटी कराचीच्या बाजूला अरबी समुद्रात. मग विचारावे, आपल्या रत्नागिरीला कोणता समुद्र लागतो? मुले उत्तर बरोबर देतात. पुढचे काही शिकवावे लागत नाही.