चांदीपुरा : पेशीच्या नाक्यावरची अडवणूक



विषाणू म्हटलं की आपण फळ्यावर काय लिहितो? 'अतिसूक्ष्म, रोग पसरवणारा.' मुलं वहीत उतरवून घेतात, परीक्षेत गुण मिळतात, विषय संपला. माझं मत आहे की विदर्भातल्या शिक्षकाने तरी एवढ्यावर थांबू नये. कारण एक जीवघेणा विषाणू आपल्याच मुलखातल्या गावाच्या नावाने जगभर ओळखला जातो. त्याचं नाव चांदीपुरा.

१९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात तापाची साथ होती. तिथल्या दोन रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला, म्हणजे आजच्या एनआयव्हीला, हा नवा विषाणू सापडला. पुढे २००३ मध्ये आंध्र प्रदेशात मेंदूज्वराची साथ आली. ३२९ मुलं आजारी पडली, १८३ दगावली. २००७ मध्ये नागपूर विभागात आणि २०२४ मध्ये गुजरातेत त्याने पुन्हा डोकं वर काढलं. बळी बहुतेक पंधरा वर्षांखालची लेकरं. म्हणजे आपल्या हजेरीपटावरचंच वय!

हा विषाणू वाळूमाशीतून पसरतो. ही माशी डासापेक्षाही बारीक. मातीच्या भिंतींच्या भेगांत आणि गोठ्याच्या ओलाव्यात ती राहते. मेळघाटातली घरं डोळ्यांसमोर आणा, वेगळं सांगायची गरज नाही.

आता तो पेशीत शिरून करतो काय, ते पाहू. सातवीला पेशीचा धडा शिकवताना मी केंद्रकाला तहसील कचेरी म्हणते. डीएनए हे तिथलं मूळ दप्तर. ते कचेरीबाहेर जात नाही. हवा तेवढाच उतारा निघतो, त्याला निरोप्या आरएनए म्हणतात. हा उतारा केंद्रकाच्या दारातून बाहेर पडतो आणि त्याबरहुकूम पेशीद्रवात प्रथिनं तयार होतात. ही दारं म्हणजे आपल्या जंगलातले वनखात्याचे नाकेच. तिथे उतारा पुढे पाठवायचं काम करणारी दोन प्रथिनं आहेत, रे-१ आणि न्यूप-९८.

चांदीपुराकडे जनुकं फक्त पाच. त्यातल्या एकापासून एम नावाचं प्रथिन बनतं. हे प्रथिन केंद्रकाची ये-जा थांबवतं, हे अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी २००१ मध्ये दाखवलं. कसं थांबवतं? याच कुळातला एक विषाणू अमेरिकेत गुरा-घोड्यांना तोंड येण्याचा रोग देतो. त्याच्यावर बारकाईने अभ्यास झाला आहे. त्याचं एम प्रथिन थेट रे-१ आणि न्यूप-९८ या जोडीला जाऊन चिकटतं. नाकेदारच गुंतून पडला, मग गाडी कशी सुटणार?

नीट लक्षात घ्या, जनुक शाबूत आहे, उताराही निघालेला आहे, पण हुकूम बाहेर पोचतच नाही. अडकलेल्या निरोपांमध्ये 'चोर घुसला, सावध व्हा' हा निरोपही असतो. इंटरफेरॉन नावाचं इशारा देणारं प्रथिन त्यामुळे पुरेसं बनत नाही. विषाणूचं मात्र काही अडत नाही, कारण त्याचा सगळा कारभार केंद्रकाबाहेर, पेशीद्रवातच चालतो. आपली पेशीही गप्प बसत नाही बरं. इंटरफेरॉनचा इशारा पोचला तर ती न्यूप-९८ जास्त बनवू लागते, म्हणजे नाक्यावर माणसं वाढवते. शर्यत लागते ती अशी.

हे सांगून झाल्यावर एका मुलाने विचारलं, "मॅडम, मंग याले दवाई काऊन नाई?" किती नेमका प्रश्न! अँटिबायोटिक जिवाणूंच्या स्वतःच्या यंत्रणेवर घाव घालतं. विषाणू तर आपलीच यंत्रणा वापरतो. म्हणून अँटिबायोटिकचा इथे उपयोग नाही, आणि चांदीपुरावर खास औषध किंवा लस आजही नाही. दवाखान्यात ताप, झटके आणि मेंदूची सूज सांभाळतात आणि लेकराला तगवून धरतात.

म्हणून वेळ मोलाची. ताप, उलटी, झटके, बेशुद्धी हा प्रवास एक-दोन दिवसांत होऊ शकतो. एम प्रथिन हेच या घाईचं एकमेव कारण नाही, पण पहिला इशाराच दाबला जातो हे कळलं की माणूस उद्याची वाट पाहत नाही. आपल्याकडे लेकराला झटका आला की आधी भूमकाकडे नेतात. मी त्या माणसांना हसत नाही. दवाखाना दूर आणि भूमका शेजारी, हे मलाही दिसतं. पण भूमकाची पायरी चढण्याआधी १०८ ला फोन लागला पाहिजे, आणि तो लावायला सांगणारं घरात कुणीतरी हवं. ते काम सातवीतली पोरगी करू शकते, जर तिला कारण माहीत असेल तर. नुसती सूचना विसरली जाते, कारण समजलं की ते डोक्यात राहतं.

काही जण म्हणतील, एवढं अवघड प्राथमिकच्या मुलांना कशाला? अवघड आहेत ती नावं. नाका, नाकेदार आणि अडलेली गाडी आमच्या चिखलदऱ्याच्या पोराला कुणी शिकवावी लागत नाही.

तेव्हा पावसाळ्याआधी एक तास काढा. फळ्यावर केंद्रक काढा, दार काढा. मग मुलांना घरच्या भिंतीतल्या भेगा मोजून यायला सांगा, आणि त्या लिंपायला घरच्यांना मदत करायलाही सांगा.