तपासणीच्या टेबलापासून बराकीपर्यंत

कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजरा तालुक्यात पोलिसांनी कोणाला अटक केली, की त्याला सरकारी डॉक्टरांसमोर न्यावे लागते. ही तपासणी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ खाली होत असे. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ खाली होते. पोलीस कोठडी लांबली तर दर ४८ तासांनी पुन्हा तपासणी करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात १९९६ साली सांगून ठेवले आहे. सोबतच्या हवालदाराला कोर्टाची वेळ गाठायची असते, बाहेर ओपीडीची रांग असते. डॉक्टर अंगावरचे व्रण पाहतात, जखम ताजी की जुनी ते लिहितात, ओळखीची खूण टिपतात आणि सही करतात. कोठडीतल्या मारहाणीला आळा बसावा म्हणून ही तपासणी आली आणि त्यासाठी ती हवीच आहे. पण समोरचा माणूस खोकतो आहे का, गेल्या महिन्या-दोन महिन्यांत त्याचे वजन उतरले का, क्षयाच्या किंवा एचआयव्हीच्या गोळ्या चालू होत्या का, हे त्या दहा मिनिटांत सहसा कोणी विचारत नाही. जामीन झाला नाही तर हाच माणूस पुढे कळंब्याच्या मध्यवर्ती कारागृहात पोचतो आणि शेजाऱ्याच्या अंथरुणाला अंथरूण लावून झोपतो.

कारागृहातल्या साथींचे काम करणाऱ्या डॉक्टरला या टेबलाकडे लक्ष द्यावेच लागेल. तुरुंगाच्या भिंती उंच असल्या तरी रोगाच्या हिशेबात तुरुंग हे जिल्ह्यातलेच एक गाव आहे. तिथे रोज नवे लोक राहायला येतात, रोज काही जण घरी जातात आणि कर्मचारी संध्याकाळी आपापल्या वस्तीत परततात. तरीही तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या नकाशावर बहुतेक वेळा त्याची जागा कोरी असते.

कारागृहातल्या साथी अभ्यासण्याची महाराष्ट्रातली परंपरा सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात जीवाणुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन तिथे पोचले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेगचे रोगी निघू लागले. ३० जानेवारीला तिथल्या सुमारे दीडशे कैद्यांनी लस घेतली, त्याहून थोड्या अधिक जणांनी घेतली नाही. पुढच्या काही दिवसांत लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि ६ दगावले. घेतलेल्यांपैकी दोघे आजारी पडले, दोघेही वाचले.

आजच्या साथरोगतज्ज्ञाने या आकड्यांमागची शिस्त पाहावी. लस टोचली त्याच दिवशी तिघांना प्लेगची लक्षणे दिसली आणि ते वारले. रोग त्यांच्या अंगात आधीच शिरला होता, म्हणून हाफकिन यांनी त्यांची नोंद वेगळी ठेवली, लपवली नाही. शिवाय तुरुंगातून रोज काही कैदी सुटत होते. म्हणून पहिल्या दिवशीची संख्या छेदस्थानी न धरता त्या दिवसांत प्रत्यक्ष हजर असणाऱ्यांची सरासरी धरली गेली. कारागृहातल्या साथीचा हिशेब चुकतो तो नेमका इथे. सकाळच्या गिनतीचा आकडा घ्यायचा आणि रोगी महिनाभराचे मोजायचे, तर दर मनाला येईल तसा फुगतो. बराकनिहाय, दिवसनिहाय हजेरी हातात नसेल तर रोग कुठून कुठे सरकतो आहे ते कळत नाही. ही हजेरी तुरुंगाइतकी काटेकोर गावात कुठेच ठेवली जात नाही. ती आरोग्य विभागाकडे तशीच यायला हवी.

भायखळ्याच्या त्या प्रयोगाची एक बाजू मात्र आज जशीच्या तशी उचलता येणार नाही. कैद्यांनी आपणहून हात पुढे केले, अशी नोंद आहे. पण दाराला बाहेरून कडी असलेल्या माणसाच्या होकाराला किती वजन द्यायचे? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नीतिसूत्रांत कैद्यांची गणना असुरक्षित गटात केलेली आहे. नमुने गोळा करताना, नवी चाचणी आजमावताना हे ध्यानात ठेवले पाहिजे. वॉर्डर शेजारी उभा असताना घेतलेली संमती संशोधकाने संमती मानू नये.

करोनाकाळाने हे सारे पुन्हा समोर आणले. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारागृहांची स्वतःहून दखल घेतली आणि राज्यांना उच्चाधिकार समित्या नेमायला लावल्या. एप्रिलमध्ये महाराष्ट्रातल्या काही कारागृहांची दारे बंद झाली, कर्मचारी आतच मुक्कामाला राहिले. तरीही मेच्या पहिल्या आठवड्यात मुंबईच्या आर्थर रोड कारागृहात सत्तरहून अधिक बंदी बाधित निघाले आणि काही दिवसांतच हा आकडा दीडशेवर गेला. तिथे ठरलेली क्षमता ८०४ होती आणि आत त्याच्या तिपटीहून अधिक माणसे होती. अशा ठिकाणी अंतर राखा, हे सांगून काही साधत नाही. उपयोग झाला तो माणसे कमी करण्याचा. तातडीच्या जामिनावर आणि पॅरोलवर हजारो जण बाहेर आले आणि शाळा-वसतिगृहांत तात्पुरती कारागृहे उभी राहिली.

ही तात्पुरती कारागृहे हवेतून आली नव्हती. १८९४ च्या कारागृह अधिनियमाचे कलम ७ सांगते, की तुरुंगात सुरक्षितपणे ठेवता येतील त्याहून जास्त कैदी झाले किंवा आत साथ उद्भवली, तर त्यांच्या तात्पुरत्या निवाऱ्याची सोय केली पाहिजे. त्याच कायद्याचे कलम १३ कारागृहाच्या स्वच्छता व्यवस्थेची जबाबदारी वैद्यकीय अधिकाऱ्यावर टाकते, अर्थात अधीक्षकाच्या नियंत्रणाखाली. म्हणजे पाणी, संडास, स्वयंपाकघर, बराकीची गर्दी यांवर बोलण्याचा अधिकार डॉक्टरला सव्वाशे वर्षांपासून आहे. खरजेच्या मलमाची मागणी करताना त्याच कागदावर ‘या बराकीत अमुक इतकीच माणसे ठेवावीत’ असे लिहिणे हे त्याच्या कामातच मोडते. ते लेखी असावे आणि त्यावर तारीख असावी.

गर्दीचा प्रश्न करोनाबरोबर संपला नाही. २०२२ च्या अखेरीस देशातल्या कारागृहांची क्षमता ४,३६,२६६ होती आणि आत ५,७३,२२० माणसे होती. त्यातले चारांपैकी तिघे न्यायाधीन, म्हणजे गुन्हा अजून सिद्ध न झालेले. क्षयरोगाला याहून सोयीचे घर कोणते? ‘द लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये २०२३ साली आलेल्या अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात जगभरच्या तुरुंगांत सुमारे सव्वा लाख लोकांना क्षयरोग झाला आणि त्यातले जेमतेम ५३ टक्के निदानापर्यंत पोचले. उरलेले खोकत राहिले, त्याच बराकीत.

म्हणून दोन आठवडे खोकला असेल तरच थुंकी तपासायची, हा बाहेरचा निकष आत अपुरा पडतो. कितीही दिवसांचा खोकला पुरे धरावा आणि शक्य तिथे प्रवेशाच्या वेळीच छातीचा एक्स-रे काढावा. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली स्वीकारलेल्या नेल्सन मंडेला नियमांत तर प्रवेशानंतर शक्य तितक्या लवकर तपासणी करणे आणि संसर्गाचा संशय असलेल्यांना उपचारासह वेगळे ठेवणे स्पष्टच सांगितले आहे. वेगळे ठेवणे म्हणजे शिक्षेच्या कोठडीत टाकणे नव्हे. आजार सांगितला की एकांतात जावे लागते हे एकदा बराकीत पसरले, तर पुढचा रोगी तोंड उघडत नाही आणि सर्वेक्षण तिथेच आंधळे होते. एचआयव्हीचे तेच. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने शासनाच्या ताब्यातल्या प्रत्येक माणसाला तपासणी, समुपदेशन आणि उपचारांचा हक्क दिला आहे. त्या तपासणीचा अहवाल वॉर्डरच्या हाती पडता कामा नये.

मुलांचाही विचार हवा. आईबरोबर सहा वर्षांपर्यंतची मुले कारागृहात राहू शकतात. सप्टेंबर २०२१ मध्ये भायखळ्याच्या महिला कारागृहात ३९ जण बाधित निघाले, त्यात ६ मुले होती. या मुलांचे गोवराचे डोस, जंताची गोळी, वजनाची नोंद कोणत्या अंगणवाडीच्या किंवा उपकेंद्राच्या वहीत आहे, हे ज्या जिल्ह्यात सांगता येत नाही तिथे पुढच्या गोवराची वाट मोकळी आहे.

सगळ्यांत मोठी गळती होते ती सुटकेच्या दिवशी. क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा, आणि जामीन मात्र कधीही होतो. सकाळी तारखेला नेलेला बंदी दुपारी जामिनावर सुटतो, कागद संध्याकाळी कारागृहात पोचतात आणि माणूस रात्रीच्या एसटीने गावी निघतो. खिशात गोळ्या नसतात, ‘निक्षय’ या क्षयरुग्ण-नोंदणीतला आपला क्रमांक त्याला माहीत नसतो. आजऱ्यासारख्या तालुक्यात हे आणखी गुंतागुंतीचे होते. इथला माणूस कामासाठी मुंबईत असतो, तिथे पकडला गेला तर आर्थर रोडला किंवा ठाण्याला जातो. कर्नाटकाची हद्दही दूर नाही, बेळगावात अटक झाली तर हिंडलगा कारागृह. सुटल्यावर तो परततो मात्र आजऱ्याला, आणि त्याचा उपचार इथल्याच आशा कार्यकर्तीला पुढे न्यायचा असतो. तिला बातमी मिळते ती त्याच्या मुलाला खोकला लागल्यावर.

‘निक्षय’ची नोंद देशभर चालते, तेव्हा राज्याची सीमा ही अडचण मुळीच नाही. अडचण आहे ती फोन कोणी करायचा याची. कारागृह रुग्णालयातल्या औषधनिर्मात्याने न्यायाधीन क्षयरुग्णांची यादी त्यांच्या गावांसह आणि पुढच्या तारखेसह आठवड्याला अद्ययावत करावी. प्रत्येक तारखेला नेताना किमान दोन आठवड्यांच्या गोळ्या आणि उपचारपत्र रुग्णाबरोबर द्यावे. सुटका झाली की त्याच दिवशी तालुक्याच्या क्षयरोग पर्यवेक्षकाला कळवावे, पोलीस ठाण्याला नव्हे.

आणि आजऱ्याच्या टेबलावर अटकेच्या प्रमाणपत्रामागे आरोग्याचा एक वेगळा, पोलिसांना न दिसणारा कागद जोडावा. त्यात खोकला, ताप, वजन, रात्रीचा घाम, चालू औषधे, अंगावरची खरूज आणि घरात कोणी क्षयाचा रुग्ण आहे का, एवढे सात प्रश्न पुरेत. हा कागद बंद पाकिटात कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या नावे जावा आणि त्याची पोच तालुक्याला परत यावी. यासाठी नवा निधी लागत नाही. जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा शल्यचिकित्सक आणि कारागृह अधीक्षक यांची एकत्र बैठक लागते. पुढच्या मासिक आढाव्याच्या विषयपत्रिकेत कोल्हापूरने तो विषय घ्यावा.