‘मेंझीज’ नव्हे, ‘मिंगिस’

स्कॉटलंडमधील ज्या आडनावाचे रोमन लेखन वाचून परका माणूस निःशंकपणे ‘मेंझीज’ म्हणतो, तेच आडनाव तेथील जुन्या घराण्यांत ‘मिंगिस’ असे उच्चारले जाते. अधिक काटेकोरपणे सांगायचे, तर त्यातील मधला ध्वनी ‘वाङ्मय’ या शब्दातील ‘ङ’ आहे आणि त्याच्यापुढे स्वतंत्र ‘ग’ ऐकू येत नाही. म्हणून ‘मिङिस’ हे देवनागरी लेखन त्या उच्चाराच्या सर्वांत जवळ जाते. रोमन लेखनात मात्र या नावाच्या मधोमध ‘झेड’ हे अक्षर आहे, आणि उच्चारात ज्याचा मागमूसही नाही ते अक्षर तेथे आले कसे, याचे उत्तर उच्चारात नव्हे तर लेखनाच्या इतिहासात सापडते.

घराण्याचे मूळ फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतात, रूआं शहराच्या उत्तरेकडील मेनिएर या गावी आहे. नॉर्मन सरदारांबरोबर ब्रिटनमध्ये आलेल्या या कुळाची जी शाखा इंग्लंडमध्ये स्थिरावली तिचे आडनाव ‘मॅनर्स’ झाले आणि पुढे रटलंडचे ड्यूक याच नावाने ओळखले गेले. उत्तरेकडे गेलेल्या शाखेतील रॉबर्ट हा तेराव्या शतकाच्या मध्यास तिसऱ्या अलेक्झांडर राजाचा चेंबरलेन, म्हणजे राजाच्या जमाखर्चावर देखरेख ठेवणारा वरिष्ठ अधिकारी होता. पर्थशरमधील अ‍ॅबरफेल्डी गावाजवळ या कुळाचा सोळाव्या शतकातील वाडा आजही उभा आहे.

फ्रेंच नावातील ‘न’ला ‘य’ची छटा होती, म्हणजे तो ‘अन्य’ या शब्दातील जोडाक्षराजवळ जाणारा, टाळूला जीभ टेकवून काढलेला एकच ध्वनी होता. असा ध्वनी लिहिण्यासाठी स्कॉटलंडचे लेखनिक ‘न’पुढे ‘योख’ नावाचे अक्षर लिहीत. हे अक्षर आयर्लंड आणि ब्रिटनमधील मठांत रूढ असलेल्या ‘जी’च्या जुन्या वळणातून उत्क्रांत झाले होते, त्याचा आकार आपल्या ३ या अंकासारखा असून शेपूट ओळीखाली उतरत असे. इंग्लंडमध्ये या अक्षराची जागा ‘वाय’ आणि ‘जीएच’ यांनी घेतली, पण स्कॉटलंडमध्ये ते दीर्घकाळ टिकले. तेथील घाईच्या हस्ताक्षरात मात्र शेपटीचा ‘झेड’ आणि ‘योख’ यांत नजरेला फरक करता येईनासा झाला.

अशा वेळी मुद्रणकला आली. चौथ्या जेम्स राजाने 1507 मध्ये वॉल्टर चेपमन आणि अँड्र्यू मायलर यांना छपाईचा परवाना दिला आणि 1508 मध्ये एडिंबरोहून त्यांची पहिली पुस्तके निघाली. त्यांचे खिळे फ्रान्समधून आलेले असल्याने त्यांत ‘योख’ असण्याचे कारणच नव्हते, आणि हस्तलिखितात जे दिसे त्याच्याशी जुळणारा खिळा ‘झेड’चाच होता. या बदलाचा सगळा दोष मुद्रकांच्या माथी मारण्याची प्रथा न्याय्य नाही, कारण ही दोन अक्षरे लेखनिकांच्या हातून आधीच एकरूप होत आली होती. छपाईने त्या एकरूपतेवर कायमचे शिक्कामोर्तब केले इतकेच. बोलणाऱ्यांच्या तोंडी मूळ ध्वनी चालतच राहिला आणि पिढ्यांच्या ओघात त्याचा ‘ङ’ झाला.

ही एकाच आडनावाची हकीकत नाही. लॅनार्कशरमधील ठिकाणावरून आलेल्या ‘डॅल्झील’ असे दिसणाऱ्या आडनावाचा उच्चार ‘डीएल’ होतो, आणि एअरशरच्या किनाऱ्यावरील ‘कल्झीन’ वाटणाऱ्या किल्ल्याला लोक ‘कलेन’ म्हणतात. याउलट ‘मॅकेंझी’ या नावात छापील अक्षराने उच्चारावर मात केली. हे नाव गेलिक भाषेतील ‘कोइन्यख’ या व्यक्तिनामावरून आले असून त्याचा अर्थ ‘कोइन्यखचा मुलगा’ असा होतो. त्यात ‘झ’ला मुळीच जागा नाही. सतराव्या शतकातील सरकारी वकील सर जॉर्ज मॅकेंझी यांनी धर्मकरारवाद्यांवर, म्हणजे राजाचा चर्चवरील अधिकार नाकारणाऱ्या प्रेस्बिटेरियन पंथीयांवर, कठोर खटले चालवले. त्यांना लोकांनी बहाल केलेली ‘ब्लूडी मॅकिंगी’ ही उपाधी एडिंबरोच्या ग्रेफ्रायर्स दफनभूमीतील त्यांच्या थडग्याच्या संदर्भात आजही घेतली जाते, आणि जुना उच्चार त्या लोकनिंदेतच शाबूत राहिला आहे. भारताचे पहिले सर्व्हेअर जनरल कॉलिन मॅकेंझी, ज्यांच्या प्रचंड संग्रहात मराठी हस्तलिखितेही आहेत, ते याच आडनावाचे.

भारतीय वाचकाच्या परिचयाचे दुसरे उदाहरण ‘झेटलंड’ या नावाचे आहे. 1940 मध्ये लंडनच्या कॅक्स्टन सभागृहात उधमसिंगांनी मायकेल ओड्वायरवर गोळ्या झाडल्या, तेव्हा जखमी झालेले भारतमंत्री लॉर्ड झेटलंड यांच्या पदवीतील ‘झेड’ हाही मूळचा ‘योख’च, कारण ते शेटलंड बेटांच्या नावाचेच जुने लेखन आहे.

म्हणूनच ‘मिंगिस’ला अनियमित उच्चार म्हणणे हा उलटा न्याय आहे, कारण वाट सोडली ती लेखनाने, उच्चाराने नव्हे. छापील नाव ऐकण्याआधी वाचणाऱ्यांच्या देशांत ते गेले, की मात्र लेखनाचीच सरशी होते. अ‍ॅबरफेल्डीजवळ जन्मलेले वनस्पतिज्ञ आर्चिबाल्ड यांच्या आडनावावरून डग्लस फर वृक्षाला मिळालेले लॅटिन नाव जगभरचे अभ्यासक ‘झ’नेच वाचतात. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान रॉबर्ट स्वतःला ‘मेंझीज’ म्हणवून घेत, तरी त्यांचे ‘मिंग’ हे टोपणनाव जुन्या उच्चारावरूनच पडले होते. त्यामुळे मराठीत लिहिताना एकच रूप सर्वांवर लादणे योग्य ठरणार नाही. ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांना ‘मेंझीज’ म्हणावे, पण 2006 ते 2007 या काळात ब्रिटनच्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे नेते असलेल्या कॅम्बेल यांचे प्रचलित नाव ‘मिंगिस’ असेच लिहावे. आणि ‘ङ’ वापरण्याची तयारी असलेल्या संपादकाने ‘मिङिस’ छापले, तर ते अधिकच अचूक होईल.