देश म्हणजे कोण, हे पोरांना शिकवा



2025 च्या 15 ऑगस्टला माझ्या नातवाने शाळेत भाषण केले. सातवीतला पोरगा. गुरुजींनी लिहून दिलेली दोन पाने त्याने न अडखळता म्हणून दाखवली. शत्रूचे दात घशात घालू, रक्ताचा शेवटचा थेंब सांडू, असे त्यात पुष्कळ होते. टाळ्या पडल्या, पेन बक्षीस मिळाले. चारच दिवसांनी, 19 ऑगस्टला, केंद्र सरकारने परदेशी कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क उठवले. आधी 30 सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून 31 डिसेंबरपर्यंत. म्हणजे नेमके आपली वेचणी घरात येते त्या दिवसांत. ओट्यावर तीच चर्चा चालली होती. पोराने ऐकले आणि विचारले, "आबा, हे कोणी केलं? पाकिस्ताननं?"

आधी हसू आले, मग पोटात कालवले. पोराचा दोष नाही. देशाचे वाईट करणारा सीमेपलीकडेच असतो, एवढेच त्याला शिकवले आहे. सीमेच्या आत, पंख्याखाली बसून, एका सहीने त्याच्या आईबापाच्या वर्षभराच्या घामावर पाणी फिरवता येते, हे त्याच्या धड्यात नाही.

कोणी म्हणेल, मग परदेशी कापूस आणणारेच देशद्रोही. मी तसे म्हणत नाही. ती शिवी पुढाऱ्यांनाच लखलाभ होवो. आयात खुली करायची तर खुशाल करा. पण मग निर्यातही खुली ठेवा. 2010 च्या एप्रिलमध्ये बाहेर कापसाला भाव होता, तेव्हा निर्यात रोखली. 2012 च्या मार्चमध्ये पुन्हा बंदी घातली; आरडाओरड झाल्यावर आठवडाभरात मागे घेण्याची वेळ आली. भाव चढला की माल बाहेर जाऊ द्यायचा नाही, भाव पडला की बाहेरचा माल आत घ्यायचा. दोन्ही वेळा कारण एकच सांगतात: देशहित. आता मला सांगा, हा देश कोणाचा? त्यात गिरणीवाला आहे, कापडवाला आहे. पऱ्हाटीत वाकून बोंडे वेचणारी बाई त्यात आहे की नाही?

हाच प्रश्न शाळेत विचारला जात नाही. देशभक्ती आणि राष्ट्रवाद यांतला फरक इथेच आहे. देशभक्ती म्हणजे आपल्या मातीवर आणि तिच्यावर राबणाऱ्या माणसांवर माया. ज्याची माया असते तो आपल्या घरातली चूकही बोलून दाखवतो. राष्ट्रवाद म्हणजे राष्ट्राची मूर्ती करून माणसांना तिच्यापुढे नैवेद्य म्हणून ठेवायचे, आणि कोणी तोंड उघडले की त्याला मूर्तीचा शत्रू ठरवायचे. पहिलीला माणसे लागतात. दुसऱ्याला नकाशा, नगारा आणि शत्रू एवढे पुरते.

1965 साली लालबहादूर शास्त्रींनी जवान आणि किसान एका घोषणेत बसवले. घोषणा पोरांना पाठ आहे. पण त्याच काळात आपल्या बापजाद्यांच्या खळ्यावरची ज्वारी सरकारने लेव्ही म्हणून, सरकार ठरवील त्या भावाने उचलली, हे त्यांना कोणी सांगत नाही. आम्हाला देशभक्तीचे धडे कोणी देऊ नयेत. सीमेवर उभ्या असलेल्या पोरांची घरे शोधत जा. वाट आपल्याच कोरडवाहू गावांत येऊन थांबेल.

बरे, आम्ही नवे काही मागतो आहोत का? रोज सकाळी पोरे हात पुढे करून प्रतिज्ञा म्हणतात. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी ती 1962 साली तेलुगूत लिहिली. चीनशी युद्ध झाले ते हे साल. तरी तीत शत्रूचे नाव नाही, सीमेचा शब्द नाही. देशबांधव आहेत, वडीलधारी माणसे आहेत, आणि शेवटी आहे ते लोकांचे कल्याण व समृद्धी. हे लोक म्हणजे कोण, असे एका तरी वर्गात विचारले जाते का?

प्रतिज्ञेआधी जे राष्ट्रगीत म्हणतात ते रवींद्रनाथ टागोरांचे. याच टागोरांनी 1916 साली जपानमध्ये जाऊन राष्ट्रवादाच्या नशेविरुद्ध व्याख्याने दिली. 1917 साली त्यांचे त्यावर पुस्तक निघाले. गीत म्हणायला लावतात, गीतकार काय सांगून गेला ते झाकून ठेवतात.

आणि शिवाजी महाराज? पोरांना अफजलखानाचा कोथळा पाठ आहे, शाहिस्तेखानाची बोटे पाठ आहेत. ते जरूर शिकवा. पण महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या आपल्याच जुमलेदारांना लिहिलेले पत्र किती पोरांना ठाऊक आहे? सैन्याने कुणब्याचे दाणे, गवत, भाजीपाला फुकट ओढून नेला तर रयत म्हणेल, याहून मोगल बरे. असे राजा आपल्याच सैन्याला बजावतो. देशभक्ती शिकवायला याहून मोठा धडा नाही. तो का गाळला जातो, हे वेगळे सांगायला नको. तो वाचला तर पोरे आजच्या जुमलेदारांना प्रश्न विचारतील.

"शेतकऱ्यांनो, शाळेत राजकारण आणू नका," असे आता कोणीतरी म्हणेलच. चोराच्या उलट्या बोंबा! राजकारण कधीच आत येऊन बसले आहे. दोन पानांचे भाषण लिहून देणे हे राजकारण नाही, आणि बापाच्या कापसाचा भाव विचारणे तेवढे राजकारण?

आता कामाचे बोलू. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने अनुदानित व सरकारी शाळांत शाळा व्यवस्थापन समिती नेमली आहे. तिच्यात निदान तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि निम्म्या बायका. म्हणजे तुम्हीच. नुसती सही करून चहा पिऊन येऊ नका. पुस्तके बदलणे समितीच्या हाती नाही, पण कार्यक्रमात काय वाचायचे ते सुचवणे आहे. पुढच्या 26 जानेवारीला महाराजांचे ते पत्र वाचायला सांगा. प्रतिज्ञेचा अर्थ पोरांना त्यांच्या शब्दांत लिहायला लावा. 'माझा देश' या निबंधात आपल्या शिवाराचा, लागवडीच्या खर्चाचा आणि मिळालेल्या भावाचा हिशेब येऊ द्या.

नातवाला मी त्या दिवशी एवढेच सांगितले, "बाळा, पाकिस्ताननं नाही केलं. आपल्याच माणसांनी केलं. म्हणून देशावरची माया कमी करायची नाही. उलट, देश आपला आहे म्हणूनच जाब विचारायचा." तो गप्प राहिला. मग म्हणाला, "आबा, पुढच्या वेळी भाषण तुम्ही लिहून द्या."

मी म्हटले, "नाही. तुझं तू लिही."