पातळ थरांचं बळ

मोखाडा तालुक्यातल्या खोडाळ्याच्या बोहाड्यात, म्हणजे मुखवटे घालून नाचण्याच्या उत्सवात, गणपती, नरसिंह, रावण नाचत येतात, तेव्हा संबळ-सनईच्या गजरात त्या मुखवट्यांच्या बांधणीकडे कुणाचं लक्ष जात नाही. जव्हार-मोखाड्याकडचे कागदी मुखवटे मातीच्या साच्यावर कागदाचे थर खळीने चढवून, वाळवून, मग साचा काढून घेऊन बनवतात. उरतं ते हलकं, पोकळ, टणक कवच. मॉडेल हेलिकॉप्टरचं धड घरी बनवणारे छांदिष्ट बरंचसं हेच करतात. थर्माकोलचा ठोकळा तापलेल्या तारेने कापायचा, पॉलिश पेपरने घासून आकार आणायचा, त्यावर काचतंतूंचं झिरझिरीत कापड अंथरून इपॉक्सी रेझिन ब्रशने मुरवायचं. इथे स्वस्तातलं पॉलिस्टर रेझिन चालत नाही. त्यातलं स्टायरिन थर्माकोल विरघळवून टाकतं आणि सगळं कोरीव काम वाया जातं. जास्तीचं रेझिन टिपून घ्यावं, कारण ताकद मुख्यतः कापडाची असते, जादा रेझिन नुसतं वजन वाढवतं. आतलं थर्माकोल कवचाला आधार देतं, दाबाखाली चेपू देत नाही. धड पोकळच हवं असेल तर रेझिन पक्कं झाल्यावर आतलं थर्माकोल ॲसिटोनने विरघळवून काढतात. ते मोकळ्या हवेत आणि विस्तवापासून लांबच करावं. पातळ थर, नीट वाळवणं, घाई न करणं ही शिस्त ज्या हातांत आधीच आहे, त्यांना फायबरचं काम शिकायला वेळ लागणार नाही, असं मला ठामपणे वाटतं. म्हणून जव्हार-मोखाडा तालुक्यांतल्या आश्रमशाळांनी विज्ञान प्रदर्शनाच्या तयारीला मुखवटे बनवणाऱ्या कारागिरांना मानधन देऊन बोलवावं.