कृष्णेत चिलापी परका, मग रोहू कुणाचा?

सांगली, मिरज, माधवनगर या पट्ट्यात गोड्या पाण्यातला मासा घ्यायला गेलात, तर चिलापी, रोहू, कटला यातलं एक तरी नाव कानावर येतंच. गंमत अशी की यातला एकही मासा मूळचा कृष्णेचा नाही. चिलापी आफ्रिकेतून आलाय, रोहू आणि कटला गंगेच्या खोऱ्यातून. पण कायद्याला विचाराल तर यातला फक्त चिलापीच परका ठरतो.

हा कायदा म्हणजे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा. त्यात 2022 मध्ये दुरुस्ती झाली आणि 1 एप्रिल 2023 पासून ती लागू झाली. 'आक्रमक परकीय प्रजाती' ही गोष्ट या कायद्यात पहिल्यांदाच आली. अशा प्रजातींची आयात, विक्री, त्या बाळगणं, त्यांचा फैलाव यावर निर्बंध घालायचे अधिकार कलम 62-अ नुसार केंद्र सरकारला मिळाले. ऐकायला हे चांगलंच आहे. अडचण व्याख्येत आहे. जी प्रजाती मूळची भारतातली नाही आणि जिच्यामुळे वन्यजीवांना किंवा त्यांच्या अधिवासाला धोका होऊ शकतो, तीच आक्रमक परकीय. म्हणजे सीमा धरलीय ती देशाची. माशाला मात्र देश कळत नाही, त्याला खोरं कळतं.

आधी चिलापीचं बघू. याचं इंग्रजी नाव तिलापिया. भारतात तो 1952 मध्ये आणला गेला. हेतू वाईट नव्हता. लोकांना स्वस्तात प्रथिनं मिळावीत, एवढंच डोक्यात होतं. पण याची वीण जबरदस्त. मादी अंडी तोंडात धरून ठेवते, पिल्लंही सुरुवातीला तिच्या तोंडातच आसरा घेतात, त्यामुळे जगणाऱ्यांचं प्रमाण मोठं. वर्षातून अनेकदा वीण होते, काही महिन्यांतच पिल्लू स्वतः वीण घालण्याइतकं मोठं होतं. पाण्यात ऑक्सिजन कमी असला तरी हा तग धरतो.

आता हे कृष्णेला लावून बघा. धरणं आणि बंधारे झाले, वाहतं पाणी तुंबलं. साखर कारखान्यांची मळी आणि शहरांचं सांडपाणी नदीत येतं. मार्च 2023 मध्ये सांगलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला होता, ते फोटो तुमच्याही फोनवर आले असतील. अशा पाण्यात पहिल्यांदा जातात ते स्वच्छ, वाहत्या पाण्याची सवय असलेले स्थानिक मासे. मोकळी झालेली जागा चिलापी घेतो. म्हणून 'चिलापीने नदी खाल्ली' असं म्हणणं मला अर्धवट वाटतं. नदी आधी आपण बिघडवली, चिलापी नंतर पसरला.

आणखी एक उलटी गोष्ट. हाच मोझांबिक तिलापिया त्याच्या आफ्रिकेतल्या मूळ घरात धोक्यात आहे, कारण तिथे नाईल तिलापिया सोडला गेला आणि दोघांचा संकर होऊन मूळ जात पातळ होत चाललीय. इकडचा आक्रमक तिकडे बिचारा!

पण कायद्यातली खरी फट दाखवतो तो आपलाच महाशीर. 1839 मध्ये कर्नल साईक्स यांनी पुण्याच्या मुळा-मुठेतल्या एका महाशीरची शास्त्रीय नोंद केली आणि नाव दिलं 'खुद्री'. त्यांनी बऱ्याच माशांना इथल्या लोकांच्या तोंडची नावं दिली, हे त्यातलंच. मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा कृष्णेला. म्हणजे हा मासा आपल्या खोऱ्यातला, अगदी घरचा. धरणांमुळे तो कमी होत चालला, तेव्हा टाटा वीज कंपनीने लोणावळ्याजवळ वळवण धरणावर 1970 च्या दशकात त्याची पैदास सुरू केली. लाखो पिल्लं तयार झाली. देशातला हा एक गाजलेला संवर्धन प्रयोग.

यातलीच पिल्लं कर्नाटकात कावेरीत सोडली गेली. तिथे मूळचा, केशरी परांचा, पाठीला उंचवटा असलेला महाशीर होता. 50 किलोंच्या पुढे वाढणारा, आणि जगात फक्त कावेरीच्या खोऱ्यात सापडणारा. पुढच्या काही दशकांत गळाला लागणाऱ्या माशांमध्ये आपला खुद्री वाढत गेला आणि तो केशरी महाशीर दिसेनासा झाला. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटना म्हणजे आययूसीएनने 2018 मध्ये त्याला 'अतिसंकटग्रस्त' ठरवलं. यात धरणं, वाळूउपसा, सुरुंग लावून मासेमारी हेही आहेच. पण बाहेरून सोडलेला खुद्री हे महत्त्वाचं कारण मानलं जातं.

आता सांगा, कावेरीत खुद्री आक्रमक आहे की नाही? शास्त्र म्हणतं, शंका घ्यायला जागा आहेच. कायदा म्हणतो, तो भारतीय आहे, विषय संपला.

रोहू-कटलाचं प्रकरण मात्र इतकं सरळ नाही. धरणांच्या जलाशयात त्यांचं मत्स्यबीज आणि बोटुकली सोडली जाते ती सरकारी योजनांमधूनच. मच्छीमार सहकारी संस्थांचं पोट त्यावर आहे. उद्या कुणी म्हणालं की गंगेचे मासे कृष्णेत नकोत, तर पहिला फटका बसेल तो जाळं टाकणाऱ्याला, धोरण ठरवणाऱ्याला नाही. त्यामुळे सरसकट बंदी हे उत्तर नाही असं माझं मत आहे. निदान नदीचे वरचे भाग, चांदोली आणि कोयनेकडचे ओढे, जिथे अजून स्थानिक मासे टिकण्याची शक्यता जास्त, तिथे बाहेरचं बीज सोडू नये, एवढी रेघ तरी ओढता येईल.

बंदी कागदावर किती टिकते याचं उदाहरण आफ्रिकन मांगूर. 2000 पासून त्यावर बंदी आहे, 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पुन्हा कडक आदेश दिले. तरी महाराष्ट्रात शेततळ्यांमधून तो पकडला जातो आणि नष्ट केला जातो, अशा बातम्या थांबलेल्या नाहीत. आणि शेततळं म्हटलं की सांगलीकरांना पूर आठवायला हवा. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. अशा वेळी तळं कुठे संपतं आणि नदी कुठे सुरू होते? केरळमध्ये 2018 च्या पुरानंतर थेट ॲमेझॉनमधला अरापैमा मासा नद्यांत सापडला होता.

मग स्थानिक पातळीवर काय आहे? जैवविविधता कायदा, 2002 च्या कलम 41 नुसार प्रत्येक ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती हवी आणि तिने लोकांना सोबत घेऊन जैवविविधता नोंदवही करायची. देशभरात हे काम रखडलं, तेव्हा हरित लवादाने 31 जानेवारी 2020 ची मुदत दिली आणि त्यानंतर राज्यांना महिन्याला 10 लाख रुपये भरायला लावू असं सांगितलं. मग काय, नोंदवह्या भराभर तयार झाल्या. घाईत लिहिलेल्या वहीत वड, पिंपळ, कडुलिंब सगळीकडे सापडतात. पाण्याखाली काय आहे हे बघायला तेवढा वेळ कुणाकडे असतो?

खरं तर खोऱ्याचा हिशोब मांडायला याच्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही. दिल्लीतल्या व्याख्येत कृष्णा आणि कावेरी एकच, पण गावच्या वहीत तसं असायची गरज नाही. वीस-तीस वर्षांपूर्वी जाळ्यात काय यायचं आणि आता काय येतं, हे नदीकाठचे जुने मच्छीमार नावानिशी सांगू शकतात. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, वही घेऊन त्यांच्याकडे जावं लागतं.

ही नोंदवही गुपित नाही. पुढच्या ग्रामसभेला गेलात तर ती मागा, त्यात माशांचं पान आहे का बघा, आणि असेल तर त्यावर रोहूच्या पुढे काय लिहिलंय ते वाचा.