तिमिर, फ्लुओरेसीन आणि वैद्यांचे उत्तरदायित्व

मधुमेही रुग्ण दृष्टिमांद्याची तक्रार घेऊन चिकित्सालयात येतो, तेव्हा पुष्कळदा त्याच्या पिशवीत नेत्रतज्ज्ञांनी दिलेल्या करड्या-काळ्या छायाचित्रांची पाने असतात. ती पाने पाहिलीच जात नाहीत, असा अनुभव आहे. नाडी, जिव्हा, मल, मूत्र यांची परीक्षा होते, त्रिफळा घृत, सप्तामृत लोह व नेत्रतर्पण यांची योजना होते आणि रुग्ण घरी जातो. ही उपेक्षा शास्त्रनिष्ठेच्या नावाखाली चालू असेल तर तिचा फेरविचार करावयास हवा, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

वाग्भटाचार्यांनी रुग्णपरीक्षेसाठी दर्शन, स्पर्शन व प्रश्न ही तीन साधने सांगितली. दर्शन हे त्यातील पहिले. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात द्वितीय पटलगत दोषाचे वर्णन करताना रुग्णास माशा, डास, केस व जाळी दिसतात असे सांगितले आहे. मधुमेहात दृष्टिपटलावर उगवलेल्या नव्या, नाजूक रक्तवाहिन्या फुटून नेत्रगोलाच्या पोकळीत रक्त उतरले म्हणजे रुग्ण हुबेहूब हीच भाषा बोलतो. मात्र केवळ वार्धक्याने नेत्रजल पातळ झालेला, अन्यथा निरोगी मनुष्यही तेच सांगतो. प्रश्नपरीक्षा या दोघांत भेद करू शकत नाही. तेथे दर्शनच हवे, आणि दर्शनाला साधन जोडल्याने ते दर्शन राहत नाही असे कोणत्याही आचार्याने म्हटलेले नाही.

फ्लुओरेसीन हे रंजकद्रव्य अ‍ॅडॉल्फ फॉन बायर या जर्मन रसायनज्ञाने १८७१ मध्ये तयार केले. त्याचा उपयोग करून मानवी दृष्टिपटलातील रक्तप्रवाहाचे छायाचित्रण करण्याची पद्धत इंडियाना विद्यापीठातील नोव्होत्नी व अल्विस या दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केली. तीही नेत्रविज्ञानाच्या नव्हे, तर रक्ताभिसरणाला वाहिलेल्या ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात. तत्त्व सोपे आहे. दंडाच्या शिरेतून साधारण ५०० मिलिग्रॅम द्रव्य देतात. दहा-पंधरा सेकंदांत ते डोळ्यात पोहोचते. निळा प्रकाश टाकला की ते हिरवट-पिवळे चमकते आणि गाळणीतून केवळ ती चमकच टिपली जाते. निरोगी दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्या हे द्रव्य बाहेर झिरपू देत नाहीत. सारे निदान या एका गोष्टीवर उभे आहे. सूक्ष्म केशवाहिन्यांवरचे फुगे बारीक ठिपक्यांसारखे उजळतात. जेथे रक्तपुरवठाच थांबला आहे तेथे काळे पट्टे उमटतात. सांडलेले रक्त खालची चमक झाकते. नव्या, विकृत वाहिन्यांतून मात्र द्रव्य भराभर गळते आणि तो डाग प्रत्येक पुढच्या छायाचित्रात अधिक मोठा व धूसर होत जातो. स्रोतोदुष्टीचे संग व विमार्गगमन हे प्रकार आपण पाठ करतो. येथे ते प्रत्यक्ष पाहावयास मिळतात. (ही तुलना समजुतीपुरती आहे, तीवर सिद्धांत रचू नये.)

शेवटचे चित्र, म्हणजे गळणाऱ्या नव्या वाहिन्या, दिसले की वेळ दवडणे अक्षम्य होय. अशा डोळ्यांत लेसर उपचाराने तीव्र दृष्टिनाशाचा धोका निम्म्याहून अधिक घटतो, हे अमेरिकेतील मोठ्या अभ्यासाने १९७६ मध्येच दाखवून दिले. अशा रुग्णास तर्पणासाठी आठवडेच्या आठवडे थांबवून ठेवणे कोणत्या ग्रंथास मान्य होईल? औषधी अवश्य द्यावी, प्रमेहाची चिकित्सा निष्ठेने करावी, परंतु प्रथम रुग्णास नेत्रतज्ज्ञांकडे धाडावे.

या तपासणीसंबंधी एक व्यावहारिक बाब आपल्या वर्गाने विशेष लक्षात ठेवावी. तपासणीनंतर काही तास त्वचा पिवळसर दिसते आणि मूत्र सुमारे एक-दीड दिवस गडद पिवळे अथवा नारिंगी राहते. असा रुग्ण त्याच सायंकाळी आपल्याकडे आला आणि विचारपूस न करता हारिद्र वर्णावरून कामलेचे निदान झाले, तर हसे आपलेच होईल. काही रक्ततपासण्यांच्या निष्कर्षांतही हे द्रव्य एक-दोन दिवस बाधा आणू शकते. मळमळ व क्वचित उलटी होते, अंगावर पित्त उठते. प्राणघातक प्रतिक्रिया अत्यंत विरळ, तथापि शक्य आहे. म्हणूनच ही तपासणी आपत्कालीन औषधे हाताशी असलेल्या ठिकाणीच व्हावी. गर्भिणीत ती सामान्यतः टाळतात.

दृष्टिपटलाच्या मागील रक्तवाहिन्यांचा थर पाहण्यासाठी इंडोसायनीन ग्रीन हे दुसरे द्रव्य वापरतात. आता रंजक न टोचता रक्तवाहिन्यांचे चित्र देणारी ओसीटी अँजिओग्राफीही मोठ्या शहरांतून उपलब्ध आहे. तिने पुष्कळ रुग्णांची सुई वाचवली. मात्र गळती तिच्यात दिसत नाही.

आता एक अप्रिय मुद्दा. दृष्टिपटलाखाली पाणी साचण्याचा एक विकार तरुण व मध्यमवयीन पुरुषांत आढळतो. दृष्टीच्या मध्यभागी धूसर डाग येतो, सरळ रेषा वाकडी भासते. रंजकचित्रात गळतीचा एक बिंदू शाईच्या डागासारखा पसरतो, क्वचित धुराच्या लोटासारखा वर चढतो. यातील बहुसंख्य रुग्ण तीन-चार महिन्यांत आपोआप सुधारतात. ‘तीन महिन्यांच्या नस्य व तर्पणाने दृष्टी पूर्ववत’ अशा यशोगाथा छापताना या नैसर्गिक गतीचा उल्लेख का नसतो? उपचारापूर्वीची व नंतरची छायाचित्रे, कालावधी आणि उपचाराविना राहिलेल्या तशाच रुग्णांची तुलना यांवाचून ते श्रेय औषधाचे की काळाचे, हे सांगता येत नाही. आपल्या औषधांत सामर्थ्य असेल तर ते या कसोटीला उतरेल. तिला भिण्याचे कारण नाही.

याच विकाराचा स्टेरॉईडशी निकट संबंध आहे. पोटात घेतलेले असो, सांध्यात टोचलेले असो, नाकात फवारलेले वा त्वचेवर चोळलेले असो. औषधी दुकानांच्या मालकांनी येथे लक्ष द्यावे. चिठ्ठीविना दिलेल्या गोळ्या, आणि सांधेदुखी अथवा दम्यावर ‘शुद्ध आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्या, ज्यांत स्टेरॉईड मिसळल्याचे वेळोवेळी उघड झाले आहे, या दोन्ही वाटांनी हे द्रव्य रुग्णाच्या पोटात जाते. दृष्टीच्या मध्यभागी डाग दिसतो असे सांगणारा गिऱ्हाईक आला, तर डोळ्यांचे थेंब पुढे सरकवण्यापूर्वी तो आणखी काय घेतो हे विचारावे. आणि घाऊक व्यापाऱ्याकडून पुडी घेताना उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक व घटकांची यादी तिच्यावर नसेल, तर ती दुकानात ठेवूच नये.